उंच इमारती, रिकाम्या टाक्या

शहरात उंच काय असते, असे विचारले तर सोलापूरकराने शंभराहून अधिक वर्षे एकच उत्तर दिले असते : चिमणी. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्यांच्या चिमण्यांनी या शहराचे क्षितिज ठरविले. माणसे मात्र जमिनीलगतच राहिली. गिरणीचा कामगार चाळीत, पूर्व भागातला विणकर मागाशेजारी आणि नवी पेठेसारख्या व्यापारी भागातला दुकानदार आपल्याच दुकानावरच्या माडीत. पुढे गिरण्या बंद पडल्या. १५ जून २०२३ रोजी सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची सुमारे ९० मीटर उंचीची चिमणी विमानसेवेला अडथळा म्हणून पाडण्यात आली आणि जून २०२५ मध्ये गोव्याची विमाने सुरूही झाली. चिमण्यांनी सोडलेली उंचीची जागा आता निवासी इमारती घेऊ लागल्या आहेत. विमानतळाच्या परिसरातील उंच बांधकामाला विमानतळ प्राधिकरणाची हरकत नसल्याचा दाखला लागतो, एवढाच काय तो आकाशाकडून येणारा अडसर. जमिनीवरच्या अडसरांचा विचार मात्र फारसा होताना दिसत नाही, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

मुंबईत इमारती उंच का झाल्या, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. तिन्ही बाजूंनी पाणी असलेल्या अरुंद बेटावर माणसाला वर जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. सोलापूरची गोष्ट अगदी निराळी आहे. १९९२ साली हद्दवाढ झाली, तेव्हा महापालिकेचे क्षेत्र सुमारे ३३ चौरस किलोमीटरवरून एकदम १७८ चौरस किलोमीटरपर्यंत गेले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ९ लाख ५१ हजार भरली. म्हणजे एका चौरस किलोमीटरमागे सुमारे ५,३०० माणसे. मुंबईत हाच आकडा वीस हजारांच्या वर जातो. ज्या शहराला चारही दिशा मोकळ्या आहेत, त्याला जमिनीचा तुटवडा आहे असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

तरीही मोक्याच्या जागी जमीन महाग आहे, हे खरेच. येथे तुटवडा जमिनीचा नसून पाणी, गटार, रस्ता आणि दिवे असलेल्या जमिनीचा आहे. हद्दवाढीने गावे शहरात आली. नळ आणि गटारे त्या वेगाने आली नाहीत. त्यामुळे ज्या थोड्या भागात या सोयी पोहोचल्या, तेथेच सर्वांची गर्दी झाली आणि त्या गर्दीने भाव चढविला. 'जमीन महाग म्हणून सदनिका महाग' असे बांधकाम व्यावसायिक सांगतो. रिकार्डोने दोनशे वर्षांपूर्वी धान्याच्या बाबतीत याच्या उलट क्रम दाखवून दिला होता. धान्य महाग झाले म्हणून शेताचा खंड वाढतो. खंड वाढला म्हणून धान्य महाग होत नाही. सदनिकेला हा सिद्धान्त तंतोतंत लागू पडतो. त्यातून निघणारा निष्कर्ष असा की, त्याच जागेवर आणखी चार मजल्यांची परवानगी दिल्याने घर स्वस्त होईलच असे नाही. पुष्कळदा त्या चार मजल्यांची किंमत जमीनमालकाच्या पदरात आधीच पडलेली असते.

डिसेंबर २०२० मध्ये राज्याने एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू केली आणि सोलापूरसारख्या शहरांत उंचीचा मार्ग बराच सुकर झाला. मूळ चटईक्षेत्र, त्यावर प्रीमियम भरून मिळणारे जादा क्षेत्र, शिवाय हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे आपण ज्याला टीडीआर म्हणतो ते. रस्ता जितका रुंद, तितके अधिक बांधकाम, हे नियमाचे सूत्र. त्यात तत्त्वतः गैर काही नाही. प्रीमियम म्हणजे सार्वजनिक सोयींवर पडणाऱ्या जादा भाराची किंमत, असे मानले तर तो घेणेच योग्य. प्रश्न एवढाच की, ज्या गल्लीतून तो पैसा आला, त्या गल्लीतली जलवाहिनी त्याने मोठी होते काय?

येथे थोडे गणित करू. विद्यार्थ्यांनी ते ताडून पाहावे. बारा मजल्यांची, साठ सदनिकांची एक इमारत धरा. घरटी साडेचार माणसे म्हणजे २७० रहिवासी. माणशी रोज १३५ लिटर या मान्य प्रमाणाने रोज ३६,४५० लिटर पाणी हवे. हे पाणी चाळीस मीटर वर चढवायचा खर्च भारी असेल, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात पंपाची कार्यक्षमता निम्मी धरली तरी रोज आठच युनिट वीज लागते. घरामागे महिन्याला चार युनिट. उंचीचा दोष म्हणावा तर तो इतका किरकोळ आहे.

खरा खर्च निराळ्याच जागी आहे. शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या उजनी धरणाचे पाणी १९९० च्या दशकाच्या अखेरीस सोलापुरात आले, तरी शहराच्या बहुतेक घरांत वर्षानुवर्षे रोज नळ आलेला नाही. तीन, चार, कधी पाच दिवसांआड पाणी हीच रीत पडली. चार दिवसांआडच्या हिशेबाने या एका इमारतीला जवळजवळ दीड लाख लिटर साठवण लागते, आणि नळ येईल त्या दोन-तीन तासांत एवढे पाणी एकाच जोडणीतून ओढून घ्यावे लागते. जी वाहिनी दहा-बारा बैठ्या घरांसाठी टाकली होती, तिच्यावर साठ घरांची टाकी तोंड लावून बसली, तर गल्लीच्या टोकाच्या घराला काय मिळणार? आणि टाकी भरलीच नाही, तर दहा हजार लिटरचे चार टँकर, तेही रोज. स्मार्ट सिटी योजनेत हाती घेतलेल्या समांतर जलवाहिनीने शहराच्या वेशीपर्यंत पाणी वाढेल. वेशीपासून गल्लीपर्यंतचे काम हे त्याहून वेगळे, आणि त्याच्या उद्घाटनाला कोणी मोठा पाहुणा येत नाही.

आता घेणाऱ्याची बाजू. आपल्या वाचकांपैकी अनेक शिक्षक आणि कारकून आज अशा सदनिकेचा विचार करीत असतील. बँक पगार पाहून हप्ता ठरवते. पण हप्ता हा या घराचा एकमेव हप्ता नव्हे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे जमिनीची किंमत वगळून बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दरवर्षी सिंकिंग फंडात आणि किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधीत जमा व्हावा लागतो. बांधकाम खर्च वीस लाख धरला, तर वर्षाला वीस हजार, म्हणजे महिन्याला सुमारे १,६६७ रुपये. यात लिफ्टचा देखभाल करार, पहारेकरी, जिन्यातले दिवे आणि वर सांगितलेले टँकर धरलेले नाहीत. लिफ्टचा खर्च तर सर्वांनी सारखाच द्यावयाचा असतो, पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थाने ती कधी वापरली नसली तरी. (वार्षिक सभेतील निम्मी भांडणे येथूनच सुरू होतात.) हा भार कर्जाबरोबर संपत नाही, इमारत जुनी होते तसा तो वाढतो. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्या राज्य कर्मचाऱ्याला जुन्या पद्धतीच्या निवृत्तिवेतनाची खात्री नोकरी धरताना मिळालेली नव्हती. त्याने तरी साठीनंतरच्या दरमहा खर्चाचा हा आकडा खरेदीखतावर सही करण्यापूर्वी मांडून पाहिला पाहिजे.

बांधकामावर लक्ष ठेवण्याची सोय पूर्वीपेक्षा पुष्कळ बरी आहे, हे मान्य केले पाहिजे. १ मे २०१७ पासून पाचशे चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावरील किंवा आठांहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची नोंदणी महारेराकडे सक्तीची आहे. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवून ती त्याच इमारतीच्या जमिनीवर आणि बांधकामावर खर्च करावी लागते. नोंदणीकृत करारापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. मंजूर नकाशा घरबसल्या पाहता येतो. तरी माणसे नकाशाऐवजी नमुना सदनिकेतील पडदे पाहून येतात, त्याला कायदा काय करणार!

मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र या कागदांचे मोल मुंबईत वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीने दाखवून दिले. १९८० च्या दशकात तेथे मंजुरीपेक्षा कितीतरी अधिक मजले चढले. १९८४ सालीच महापालिकेने काम थांबविण्याची नोटीस दिली होती. काम थांबले नाही, विक्रीही थांबली नाही. पुढे रहिवाशांचा पाण्याच्या जोडणीचा प्रश्न न्यायालयात गेला आणि मजल्यांचा सगळा हिशेब उघड्यावर आला. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने पस्तीस मजले बेकायदा ठरविले आणि जून २०१४ मध्ये त्यांचे पाणी, वीज व गॅस तोडण्यात आले. दंडाचे ओझे शेवटी विकणाऱ्यापेक्षा राहणाऱ्यावरच पडले.

आगीचा मुद्दा येथे टाळता येणार नाही. १८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल कारखान्याला आग लागून आठ जणांचा मृत्यू झाला. ती काही गगनचुंबी इमारत नव्हती. बाराव्या मजल्यावर पोहोचणारी शिडी, ती वळवता येईल असा रस्ता आणि त्या क्षणी भरलेली टाकी, या तीन गोष्टींची खात्री असल्याशिवाय उंचीला परवानगी देणे म्हणजे कागदावर अग्निशमन करणे होय. आणि टाकीचा प्रश्न पुन्हा चार दिवसांआडच्या नळाकडेच जातो.

याच शहराच्या वेशीबाहेर एक वेगळा प्रयोग झाला आहे, त्याची आठवण येथे करणे उचित ठरेल. कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरे उभी राहिली. १ सप्टेंबर २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती सुपूर्द झाली. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी रे नगरची तीस हजार घरांची योजना आली आणि तिच्यातील पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या उपस्थितीत देण्यात आली. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने कामगारांनी जेथे जमिनीला भाव नव्हता तेथे सहकारी तत्त्वावर जागा घेतली आणि सोयी तेथे आणा म्हणून सरकारच्या मागे लागले. शहरापासूनचे अंतर हा त्या वसाहतींचा मोठा तोटा आहे. रोजंदारीच्या माणसाला बसभाडेही मोजून द्यावे लागते. परंतु क्रम लक्षात घ्यावा. तेथे माणसे आधी गेली आणि नळ त्यांच्या मागोमाग न्यावा लागला. मध्यमवर्गीय मात्र नळ असेल तेथे जादा किंमत मोजून जातो, आणि तेथे गेल्यावर टँकर बोलावतो.

अद्याप नवी पेठेचे काय व्हायचे ते ठरलेले नाही. तेथील अरुंद गल्ल्यांत आजच्या नियमाने फार उंची मिळणे कठीण. उद्या रस्तारुंदी झाली तर चित्र पालटेल. रुंदीकरणाचा खर्च करदाता देईल आणि रुंद रस्त्याने मिळणारे जादा चटईक्षेत्र काठावरच्या मालकाच्या सातबाऱ्याला किंवा मिळकतपत्रिकेला जाऊन चिकटेल. जुन्या माडीतला भाडेकरू आणि पायरीवर बसणारा विक्रेता या हिशेबात कोठेच नसेल. तेव्हा महापालिकेने प्रीमियमपोटी आलेली रक्कम प्रभागवार प्रसिद्ध करावी, आणि त्याच प्रभागात जलवाहिनी, गटार व अग्निशमन यांवर किती खर्च झाला तेही त्याच तक्त्यात शेजारच्या रकान्यात छापावे. अंदाजपत्रकात अशा दोन रकान्यांना जागा नक्कीच निघेल.