डॉल्फिनची गॅरंटी मी देत नाही

दिवाळी झाली की माझ्या चिखलीतल्या टेबलासमोर विचारपूस सुरू होते. सोयाबीन विकून झालेलं असतं, कापसाची पहिली वेचणी घरात आलेली असते आणि घरातल्या कुणीतरी मोबाइलवर तारकर्लीचा व्हिडिओ पाहिलेला असतो. मी कोकणच्या बस सहली काढतो. जेवण कुठे, खोली कितव्या मजल्यावर, आजीला जिना चढवेल का, हे सगळं नंतर. पहिला प्रश्न ठरलेला: "भाऊ, डॉल्फिन पक्के दिसतीन ना?"

माझं उत्तरही ठरलेलं असतं. सांगता येत नाही. माझ्या पत्रकात 'समुद्रफेरी' एवढंच छापलेलं असतं, 'डॉल्फिन दर्शन' नसतं. हे ऐकून काही लोक उठतात आणि दुसरीकडे नाव नोंदवतात. तिथल्या पत्रकावर निळ्याशार पाण्यातून उंच उडी मारणारा डॉल्फिन असतो. तो फोटो कुठल्या समुद्रातला, हे छापणाऱ्यालाही ठाऊक नसावं. धंद्याच्या हिशेबाने मी वेडा ठरतो, हे मला मान्य आहे. तरी डॉल्फिन दाखवण्याची हमी विकणं बंद झालं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. आणि त्यात देवबाग-मालवणच्या नावाड्याइतकाच वाटा आमच्या चिखली-मेहकरचा आहे, कारण मागणी इथून जाते.

आधी आमच्या लोकांची बाजू सांगतो. खारं पाणी बुलढाण्याला नवीन नाही. लोणारचं सरोवर खारं, आणि शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. पण ज्याचा पलीकडचा काठ दिसत नाही असं पाणी पाहायचं तर मलकापूरहून रात्रीची गाडी धरून मुंबई आणि तिथून कोकण रेल्वेने कुडाळ. नाहीतर माझ्यासारख्याच्या बसमध्ये हाडं खिळखिळी करून घ्यायची. बसमधल्या कितीतरी बायका साठी उलटल्यावर पहिल्यांदा समुद्र पाहतात. वाळूत उतरल्या की चपला काढून आधी पाण्याला नमस्कार करतात, मग पाय बुडवतात. एवढा पैसा आणि एवढी दगदग झाल्यावर माणूस म्हणाला की काहीतरी दिसलंच पाहिजे, तर त्याला हसायचं कारण नाही. इच्छा चुकीची नाही. तिचा सौदा ज्या पद्धतीने होतो, तिथे घोळ आहे.

कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते त्या देवबागच्या संगमावरून फायबरच्या होड्या सुटतात. डॉल्फिन पॉइंट, निवती रॉक, गोल्डन रॉक, भोगवे, येताना त्सुनामी आयलंड, असं ते पॅकेज. "नाय दिसले तर पैसे नको," असं काठावर सर्रास ऐकू येतं. ऐकायला हे गिऱ्हाइकाच्या फायद्याचं वाटतं. पण या एका वाक्याने पुढचा सगळा तमाशा ठरतो. इंधन जळालेलं, हप्ता डोक्यावर, हंगाम पावसाळ्यापर्यंतचाच. अशा वेळी डॉल्फिन न दिसता परतणं म्हणजे नावाड्याने पदरचे पैसे घालणं. मग एकाला पाठ दिसली की तो दुसऱ्याला फोन करतो, दुसरा तिसऱ्याला, आणि थोड्या वेळात सगळ्या होड्यांची तोंडं एकाच जागेकडे वळतात. जनावर श्वास घ्यायला वर येतं आणि बुडतं. आता ते कुठे निघेल याचा अंदाज बांधून होडी जोरात तिकडे नेली जाते, म्हणजे नेमकी त्याच्या वाटेवर. ते दिशा बदलतं, होड्याही बदलतात. वर शिट्ट्या, फळीवर हात आपटणं, "तिकडं, तिकडं" म्हणून सगळे एका बाजूला झुकणं. किनाऱ्यावर आल्यावर मोबाइलमध्ये सापडतं ते पाणी आणि पाण्यातला एक ठिपका.

आपल्या किनाऱ्यालगत बहुतेक वेळा दिसतो तो हंपबॅक डॉल्फिन. पाठीवर उंचवटा, त्याच्यावर छोटासा पर, रंग राखाडी. टीव्हीवरच्या भावंडांसारख्या उड्या तो क्वचितच मारतो. पाठ दाखवतो, श्वास सोडतो, जातो. मेहकरकडच्या एका मावशींनी तो पाहिला आणि निराश होऊन म्हणाल्या, "हे त डोहात बसलेल्या म्हशीवानी दिसते!" मला ते वर्णन फार आवडलं, पण त्यांना पैसे वाया गेल्यासारखं वाटत होतं, कारण त्यांना फोटोतली उडी विकली गेली होती. (ती मी विकली नव्हती. पण बसमध्ये बसलेल्याला एवढा भेद कुठे कळतो? शिव्या मलाच.)

हा प्राणी खोल समुद्रात पळून जाऊ शकत नाही का, असं लोक विचारतात. त्याचं सगळं जगणंच उथळ पाण्यात, खाडीच्या मुखाशी, किनाऱ्याच्या पट्ट्यात आहे. आणि त्याच पट्ट्यात आपली जाळी, आपले ट्रॉलर, आपल्या जेटी, आपल्या पर्यटक होड्या. निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लाल यादीत हिंदी महासागरातला हा हंपबॅक डॉल्फिन संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं, तेही दरवर्षी नाही. ते पिल्लू आईच्या बरोबरीने पोहत पाण्याखाली दूध पितं आणि पुन्हा पुन्हा हवेसाठी वर येतं. गढूळ पाण्यात डोळ्यांचा फार उपयोग नसतो. डॉल्फिन आवाज सोडतो आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून मासा कुठे, खडक कुठे हे ताडतो. शिट्ट्या घालून आपल्या कळपाशी संपर्क ठेवतो. त्याच्या डोक्यावर चार-सहा इंजिनं गरगरत असतील तर त्याने काय ऐकायचं? ज्या अर्ध्या तासात त्याने बोय किंवा तारली पकडली असती, तो अर्धा तास चुकवाचुकवीत जातो. आपली होडी परत जाते, तेव्हा दुसरी भरलेली निघते.

देवमाशाचं विचाराल तर तोही आपल्या समुद्रात आहे. 2015 मध्ये सिंधुदुर्गच्या किनाऱ्यासमोर संशोधकांना निळा देवमासा दिसला होता, आणि त्याच वर्षी जूनमध्ये रायगडातल्या रेवदंड्याच्या किनाऱ्याला एक भलामोठा देवमासा लागला आणि मेला. पण इथे देवमासा दाखवतो म्हणून कुणी पैसे मागितले, तर त्याच्या होडीत बसू नका.

नियम नाहीत असं नाही, पण ते माणसांपुरते आहेत. 24 मे 2022 रोजी तारकर्लीत स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोन जणांचा जीव गेला. त्यानंतर लाइफ जॅकेट, प्रवासी संख्या, परवाना यांची चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. माझ्या बसमधल्या माणसाने जॅकेट घातल्याशिवाय मी होडी सुटू देत नाही. पण डॉल्फिनपासून किती अंतर ठेवायचं, एका कळपाजवळ एका वेळी किती होड्या, वेग किती, हे सांगणारा फलक मी ज्या काठांवरून लोकांना चढवतो तिथे माझ्या पाहण्यात आलेला नाही. न्यूझीलंडने 1992 मध्येच हे नियम लिहून काढले: सागरी सस्तन प्राण्याच्या 300 मीटरच्या आत एका वेळी तीनपेक्षा जास्त नौका नकोत, जवळ जाताना वेग अगदी कमी, समोरून आडवं जायचं नाही, बाजूने किंचित मागून समांतर जायचं, कळपात घुसायचं नाही. यात कुठेही महागडं यंत्र लागत नाही.

आपला कायदा काही मवाळ नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत डॉल्फिन आणि देवमासे वाघाच्या पंगतीला बसलेले आहेत. त्या कायद्यातली शिकारीची व्याख्या फक्त ठार मारण्यापुरती नाही. पकडणं, फास लावणं आणि हाकून नेणंही तिच्यात येतं. होड्यांच्या पाठलागाला ते कलम लागतं की नाही हे वकिलांनी ठरवावं. पण ताडोब्यात कुणी वाघापाठी जिप्सी पळवली असती, तर आपण त्याला पर्यटन म्हटलं असतं का?

खरं तर तसंही घडलं आहे. 2024 सरताना उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-2 वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांचा रस्ता जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवला. व्हिडिओ फिरला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक आणि गाइडांवर कारवाई झाली. लक्षात घ्या, तिथे गेट आहे, गाड्यांची संख्या ठरलेली आहे, प्रत्येक गाडीत गाइड आहे, वनखातं डोक्यावर बसलेलं आहे. तरी हे झालं, कारण मागच्या सीटवरचा माणूस वाघ बघायला आलेला होता आणि वाघ दिसला की बक्षिसी वाढते. मग जिथे गेट नाही, गाइड नाही, तिथे काय होत असेल?

आणि आम्ही बुलढाण्याचे लोक तर यातलं वेगळं काही जाणतो. टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ 2019 च्या अखेरीस ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन थांबला. गळ्यातल्या कॉलरवरून कळलं की तो महाराष्ट्र-तेलंगणातून भटकत भटकत आला होता, आणि त्याची एकूण पायपीट तीन हजार किलोमीटरच्या घरात गेली. बुलढाणा, मोताळा, खामगावच्या चहाच्या टपऱ्यांवर महिनोन् महिने त्याच्याच गोष्टी. त्याला डोळ्यांनी पाहिलेले लोक किती? फार थोडे. तरी जिल्ह्याची छाती फुगली होती. न दिसलेल्या वाघाचा आम्हाला एवढा अभिमान वाटू शकतो, तर निवतीसमोरच्या पाण्यात डॉल्फिन आहेत एवढ्यावर दीड तास समुद्रात आनंदाने बसता येणार नाही, असं मला वाटत नाही.

नावाड्यांच्या पोटाचं काय, हा आक्षेप येतोच आणि तो रास्त आहे. ज्यांच्या होड्या आहेत त्यांच्यापैकी बरेच जण मच्छीमार घरातले आहेत. डॉल्फिन त्यांच्या जाळ्यातले मासे खातो, जाळी फाडतो, तेव्हा त्यांना त्याचं कौतुक असण्याचं काही कारण नाही. तरी याच मच्छीमारांसाठी राज्य सरकारने 2018 पासून एक चांगली योजना ठेवली आहे: जाळ्यात अडकलेला संरक्षित सागरी जीव जाळं कापून सोडला तर 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. जीव वाचवण्याचे पैसे मिळतात हे तत्त्व तिथे मान्य झालेलं आहे. मग पर्यटकाच्या होडीलाच 'दाखवला तरच पैसे' हे उलटं तत्त्व कशाला?

होडीचं भाडं वेळेचं असावं. तास ठरवा, दर ठरवा, डॉल्फिन दिसो न दिसो तेवढेच पैसे. मी काठावरच, प्रवाशांच्या समोर, नावाड्याला सांगतो की पैसे पूर्ण मिळतील, मागे धावायचं नाही, लांबून पाठ दिसली की इंजिन बंद. बहुतेक नावाडी सुटल्यासारखा श्वास टाकतात. पाठलाग त्यांनाही परवडत नाही, इंधन त्यांचंच जळतं. देवबागच्या एका म्हाताऱ्या नावाड्याला तर हे सांगावंच लागत नाही. तो इंजिन बंद करतो आणि आमच्या गलक्याला दटावतो, "वायच गप रवा, तेच येतले." कधी येतात, होडीपासून थोड्या अंतरावर फुस्स करून श्वास सोडतात. कधी येत नाहीत. तेव्हा तो निवतीच्या किल्ल्याच्या, जुन्या वादळांच्या गोष्टी सांगतो. कधीकधी त्याच डॉल्फिनपेक्षा जास्त रंगतात.

बाकीचं काम सरकारचं. बोटींचे परवाने महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाच्या हातात आहेत. परवान्यातच अंतर, वेग आणि एका कळपाजवळच्या होड्यांची संख्या लिहिता येईल. वनखात्याच्या कांदळवन कक्षाने नावाड्यांना दोन दिवस शिकवावं, आणि ज्याने शिकून घेतलं त्याच्या होडीवर ओळखू येईल अशी खूण लावावी, म्हणजे आमच्यासारख्यांना निवड करता येईल. 2013 मध्ये केंद्राने देशात डॉल्फिनची जलप्रदर्शनं उभारू द्यायची नाहीत असं ठरवलं, ते योग्यच झालं. पण मोकळ्या समुद्रात होड्यांचं रिंगण करून आपण दुसऱ्या तऱ्हेचं तेच करत असू, तर त्या निर्णयाचं मोल निम्मं होतं.

बुलढाणा, अकोला, जालन्यातल्या माझ्या सहलवाल्या बंधूंना एवढंच सांगणं आहे की पत्रकावरचा तो उडी मारणारा फोटो काढा. गिऱ्हाईक तुटेल ही भीती खोटी नाही, माझंही तुटलं. जे राहिलं ते समुद्रफेरीहून आल्यावर सोलकढीच्या दरावरून माझ्याशी भांडतं, डॉल्फिनवरून नाही.