घरातले विज्ञान : बंद डब्यात बुरशी आली कुठून?

परवा आमच्या घरी डब्यातल्या पावाला बुरशी आली. "डबा तर बंद होता, मग ही आत शिरली कुठून?" असे मुलीने विचारले. प्रश्न रास्त आहे.

बुरशी नंतर शिरली नाही. तिचे बीजाणू पावावर आधीच बसलेले होते. बीजाणू म्हणजे बुरशीचे बीच म्हणा ना! पण ते इतके बारीक, की एकटा बीजाणू डोळ्यांना दिसत नाही. ते हवेत सदा तरंगत असतात. ओल आणि अन्न मिळाले की त्यांना धागे फुटतात.

आता नीट पाहा. पावावरच्या पांढऱ्या कापसात टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके दिसतात. त्या बीजाणूंनी भरलेल्या पिशव्या. पिशवी फुटली की बीजाणू उडाले! लिंबावरची हिरवी बुरशी पिशवी करीत नाही. तिच्या दांडीला झाडूसारखे फाटे फुटतात आणि टोकांवर बीजाणूंच्या माळा लागतात. हिच्याच एका भावंडापासून १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलीनचा शोध लागला.

ज्वारीची काणी गावाकडच्या मंडळींना सांगायला नको. कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी भरते, ते सारे बीजाणूच. मळणीत ते चांगल्या बियाण्याला चिकटतात आणि पेरणीबरोबर पुन्हा शेतात जातात. म्हणून तर पेरणीआधी बियाण्याला गंधक चोळतात.

मात्र शेंगदाण्यावर आणि मक्यावर येणाऱ्या पिवळसर हिरव्या बुरशीला हसण्यावारी नेऊ नका. ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते, ते यकृतावर घाव घालते. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या आदिवासी भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. हे विष धुऊन, भाजून वा शिजवून पुरते जात नाही. महागाईत पसाभर दाणे टाकताना जीव तुटतो, हे आम्हालाही कळते. तरी बुरसट, कडवट दाणे कुटात घालू नका. दाणे कडक उन्हात वाळवून कोरड्या डब्यात भरावेत.

मुलांना गंमत दाखवायची असेल तर बाजारातली ताजी, उमललेली अळंबी आणा. रानातली अनोळखी नको. तिची छत्री पाकळ्यांची बाजू खाली करून गडद कागदावर ठेवा, वर वाटी पालथी घाला. सकाळी कागदावर भुकटीची नक्षी उमटलेली दिसेल. ते अळंबीचे बीजाणू.