लहान पुडीचा ग्राहक

कपाळावरील टिकलीखाली पांढुरका ठिपका उमटतो, हळूहळू तिच्या कडेबाहेर सरकतो आणि घरात कोडाची कुजबूज सुरू होते. मुलीचे लग्न व्हावयाचे असेल तर त्या कुजबुजीला धारच चढते. वस्तुतः अनेकदा दोष कुळाचा नसून टिकलीच्या डिंकाचा असतो. त्यातील पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफिनॉल हे रसायन त्वचेच्या रंगपेशींना मारक ठरू शकते, हे त्वचारोगतज्ज्ञांना केव्हाच ठाऊक झाले आहे. टिकली घेणारीला ते कोणी सांगितलेले नसते.

अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत ग्राहक हा राजा असतो. न मानवलेला माल तो पुन्हा घेत नाही आणि वाईट उत्पादक आपोआप हद्दपार होतो, असे तेथे गृहीत धरलेले असते. नुसती जळजळ करणाऱ्या द्रव्यांपुरते हे गृहीतक कसेबसे टिकते. साबण झोंबला की तो बदलता येतो. वावडे निर्माण करणाऱ्या द्रव्यांची तऱ्हा निराळी. ती महिनोन्‌महिने निमूटपणे वापरली जातात. मग एके दिवशी शरीर त्यांना शत्रू मानू लागते आणि त्यानंतर अत्यल्प मात्राही पुरळ उठवते. हे वावडे बहुधा जन्मभर सुटत नाही. शिवाय पुरळ उठते ते एक-दोन दिवसांनी. तोवर वापरलेल्या दहा वस्तूंपैकी गुन्हेगार कोणती, हे राजेसाहेबांनी ओळखावे कसे?

युरोपात मिथाइलआयसोथायझोलिनोन हे परिरक्षक प्रसाधनांत एकटे वापरण्यास २००५ मध्ये मुभा मिळाली. दहा वर्षांच्या आत त्याचे वावडे जडलेल्यांची रीघ लागली आणि २०१७ पासून त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनांत ते वर्ज्य झाले. बंदी उशिराच आली. परंतु दरम्यान ज्याला निदान कळले होते त्याला वेष्टनावरील यादी वाचून ते द्रव्य टाळता तरी येत होते.

आपल्याकडेही २०२० च्या प्रसाधन नियमांत घटकद्रव्यांची यादी छापण्याची तरतूद आहे. मात्र ६० मिलिलिटरहून कमी द्रव आणि ३० ग्रॅमहून कमी घन वा अर्धघन माल यांची वेष्टने तीतून वगळली आहेत. मोठी बाटली घेणाऱ्याला माहितीचा हक्क, आणि रोजंदारीच्या पैशांतून दुकानातील माळेवरची एक पुडी तोडून घेणारीला तो नाही, असा याचा व्यवहारातील अर्थ होतो. त्वचारोगतज्ज्ञाची फी तिलाच अधिक जड जाते, हे सांगावयास नकोच.

पुडीवर जागा नसते, हा युक्तिवाद पोकळ आहे. पुडीवर जाहिरातीतील चेहरा मावतो. केसांच्या कलपाच्या वेष्टनावर इंग्रजीत व स्थानिक भाषेत सावधगिरीची सूचना छापण्याची सक्ती आहेच. तिचे उत्पादक त्यामुळे बुडालेले नाहीत. वजनाची ही सवलत रद्द करावी आणि निदान परिरक्षके, रंग व सुगंधी द्रव्ये यांची नावे सर्वांत लहान पुडीवरही, मराठी गिऱ्हाइकासाठी मराठीत, छापण्याचे बंधन केंद्र सरकारने घालावे.