परग्रहावरची प्रेमकथा? लिहू द्या की मुलांना!



'मी परग्रहावर गेलो तर...' हा कल्पनाप्रधान निबंध आपण दरवर्षी देतो आणि दरवर्षी तेच वाचतो. यान उतरतं, हिरवी माणसं येतात, लढाई होते, शेवटी 'आईने हाक मारली व मला जाग आली.' यंदा नववीतल्या एका मुलीनं वेगळंच लिहिलं. तुळजापूरचा मुलगा, परग्रहावरची मुलगी, दोघांचा एकमेकांवर जीव. एक सहकारी म्हणाले, "मॅडम, हे वर्गात वाचू नका बरं का, पालक येतील."

मी वाचलं.

तिनं निवडलेला ग्रह खरा आहे, प्रॉक्सिमा सेंटॉरी बी. 2016 साली सापडला. अंतर 4.24 प्रकाशवर्षं. म्हणजे "कशी आहेस?" असं विचारलं, तर उत्तर यायला जवळपास साडेआठ वर्षं. नववीत विचारलेल्याचं उत्तर नोकरी शोधायच्या वयात! वर्गात हशा पिकला, पण 'प्रकाशवर्ष हे अंतराचं एकक आहे' हे मी इतकी वर्षं घोकून घेतलं, ते त्या दिवशी कुठं डोक्यात शिरलं. तिथलं वर्ष साधारण 11 दिवसांचं. मग 14 वर्षांच्या मुलाचे तिथं वाढदिवस किती? साडेचारशेच्या वर. भागाकार मुलांनीच केला, कुणी सांगितलं नव्हतं.

चूकही होती. तिचा नायक एका रात्रीत तिथं पोचला होता. व्हॉयेजर 1 सेकंदाला सुमारे 17 किलोमीटर जातं. त्या वेगानं सत्तर हजारांहून जास्त वर्षं लागतील, एवढंच मी सांगितलं. वाटलं, आता गोष्ट रडकी होणार. दोन दिवसांनी नवी गोष्ट आली. दोघं भेटतच नाहीत. पण ती मुलगी रोज एक निरोप पाठवते, कारण पहिला पोचला की मग रोज एक पोचत राहील. हे कुठून सुचलं विचारलं, तर म्हणाली, "आई-पप्पा ऊसतोडीला गेले की मी रोज रात्री मोबाईलवर बोलून ठेवते. त्यांना रेंज आली की सगळे मेसेज पोचतात."

आता सांगा, यात पालकांनी घाबरण्यासारखं काय आहे? रीलमधलं प्रेम मुलं बघतातच. इथं प्रेम करणाऱ्याला हिशोब करावा लागतो, वाट बघावी लागते. आणि विज्ञानकथा म्हणजे हलकं लेखन, असंही समजू नका. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती मंगलाताईंच्या हस्ताक्षरात होती! पहिलं बक्षीस मिळालं. (ही हकीकत वर्गात सांगा, मुलांना फार आवडते.)

गुण देताना मी शास्त्रीय माहिती तपासते, भाषा बघते. प्रेम आहे म्हणून गुण कापत नाही.

गोष्ट आता वर्गाच्या फलकावर लावली आहे. नायक तेवीस वर्षांचा होतो तेव्हा पहिलं उत्तर येतं. त्यात काय असतं, ते तिनं अजून लिहिलेलं नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर देते म्हणाली.