घरबसल्या कोर्ट रिपोर्टर? पनवेलमध्ये फी भरण्याआधी हे वाचा

'घरबसल्या कोर्ट रिपोर्टर' हे करिअर मुळात अमेरिकेतलं. तिथले रिपोर्टर स्टेनो मशीनवर साक्षीतला शब्द न् शब्द टिपतात आणि अनेक जण फ्रीलान्स काम करतात. पनवेलच्या कोर्टात चित्र वेगळं आहे. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश जबाब डिक्टेट करतात, स्टेनो तो टाइप करतो. पद सरकारी, हजेरी कोर्टातच.

शिकणं मात्र घरून जमतं. डिक्टेशन लावायचं आणि वेग वाढवायचा, वर्षभर तरी. पण जागा किती? डिसेंबर 2023 च्या जिल्हा न्यायालय भरतीत राज्यभरात 4,629 पदं होती, त्यात लघुलेखक श्रेणी-3 ची फक्त 568. शॉर्टहँडची अट मिनिटाला इंग्रजी 80, मराठी 60 शब्द. टायपिंगसाठी सरकारमान्य प्रमाणपत्र लागतं, कुठल्याही ऑनलाइन कोर्सचं चालत नाही.

त्यात आता एआय. सुप्रीम कोर्टात सुनावणीचं पहिलं लाइव्ह एआय ट्रान्स्क्रिप्शन झालं 21 फेब्रुवारी 2023 ला, तेही शिवसेनेच्या सत्तासंघर्षाच्या खटल्यात! केरळच्या जिल्हा न्यायालयांत तर 1 नोव्हेंबर 2025 पासून साक्षी नोंदवायलाच एआय टूल आलंय.

म्हणून कोर्स विकणाऱ्याला आधी विचारा: हे सर्टिफिकेट कोणत्या भरतीत चालतं? उत्तर जाहिरातीत दाखवायला सांगा.