पाळतखोर राज्यसत्ता आणि सोयीचे मौन

पूर्व जर्मनीत माणसाचा वासही सरकारजमा होत असे. संशयिताला चौकशीसाठी बोलवायचे आणि ज्या खुर्चीवर बसवायचे तिच्यावर आधीच एक पिवळे फडके अंथरून ठेवायचे. तो उठून गेला की ते फडके काचेच्या बरणीत घालून झाकण घट्ट लावायचे आणि वर चिठ्ठी डकवायची. पुढे कधी सरकारविरोधी पत्रक हाती लागले, तर शिकवलेला कुत्रा त्या बरणीतील वासावरून पत्रक टाकणाऱ्याचा माग काढील, असा तो हिशेब होता. या बरण्या आज संग्रहालयात मांडलेल्या आहेत. पाहणाऱ्याला प्रथम हसू येते. प्रत्येक बरणीमागे एक चौकशी, एक कुटुंब आणि एक भयभीत घर होते, हे नंतर ध्यानात येते.

हा उद्योग करणाऱ्या खात्याचे नाव 'राज्य सुरक्षा मंत्रालय' असे भारदस्त होते. लोक त्याला 'स्टासी' म्हणत. ८ फेब्रुवारी १९५० रोजी स्थापन झालेल्या या खात्यात १९८९ साली सुमारे ९१ हजार पगारी कर्मचारी होते. देशाची लोकसंख्या होती जेमतेम १ कोटी ६४ लाख. म्हणजे दर १८० नागरिकांमागे एक पूर्णवेळ पाळतदार! याखेरीज पावणेदोन लाखांच्या आसपास 'अनधिकृत सहकारी' होते, म्हणजेच खबरे. त्यांत शिक्षक होते, डॉक्टर होते, चर्चचे पाद्री होते, क्रीडापटू होते. टपाल कचेऱ्यांत पत्रे वाफेवर उघडून वाचली जात आणि पुन्हा चिकटवून रवाना होत. एरिक मिल्के नावाच्या एकाच गृहस्थाने १९५७ पासून १९८९ पर्यंत, तब्बल ३२ वर्षे, या यंत्रणेचे मंत्रिपद भूषविले.

तुरुंग आणि मारझोड यांची स्टासीला वाण नव्हती. परंतु तिचे खरे कौशल्य दिसले ते १९७० नंतर. १९७३ मध्ये पूर्व जर्मनी संयुक्त राष्ट्रसंघाची सदस्य झाली, १९७५ मध्ये हेलसिंकी करारावर तिने स्वाक्षरी केली. जगात अब्रू मिळवायची होती. त्यामुळे उघड धरपकड अडचणीची ठरू लागली. मग जानेवारी १९७६ मध्ये मिल्केच्या खात्याने एक गुप्त निर्देश काढला. त्यात वापरलेल्या जर्मन शब्दाचा अर्थ होतो विघटन, पदार्थ आतून कुजत जावा तसे. विरोधकाला पकडायचेच नाही. त्याच्या चारित्र्याविषयी कुजबूज पसरवायची. त्याला नोकरीत बढती मिळू द्यायची नाही. मित्रांमध्ये 'हाच खबऱ्या आहे' असा संशय पेरायचा. तो बाहेर गेला असता घरात शिरून सामानाची जागा बदलून ठेवायची, म्हणजे त्याचा स्वतःच्या बुद्धीवरचा विश्वास उडेल. तक्रार करावी तर कोणाकडे आणि कशाची? 'माझ्या घरातले चित्र दुसऱ्या भिंतीवर टांगलेले आढळले' असे पोलिसांना सांगणाऱ्यास लोक वेडाच ठरविणार.

व्हेरा वोलेनबर्गर या पूर्व जर्मनीतील शांतता चळवळीच्या कार्यकर्त्या. जानेवारी १९८८ मध्ये त्यांना अटक झाली आणि नंतर देश सोडावा लागला. राजवट कोसळल्यावर त्यांनी आपली धारिका वाचली, तेव्हा 'डोनाल्ड' या टोपणनावाने त्यांच्याविषयी वर्षानुवर्षे अहवाल देणारा खबऱ्या त्यांचा स्वतःचा पती होता, असे उघड झाले. हिंदू समाजजीवनात कुटुंब ही शेवटची सुरक्षित जागा मानली जाते. पाळतखोर सत्तेला नेमकी तीच जागा नकोशी असते. जेथे पती-पत्नी परस्परांशी मोकळेपणाने बोलू शकत नाहीत, तेथे चौकाचौकात पोलीस उभा करण्याची आवश्यकताच उरत नाही.

आणि हे सारे चालले होते ते श्रमिकांच्या नावाने! १९६१ साली उभारलेल्या बर्लिनच्या भिंतीला त्या सरकारने अधिकृत नाव दिले होते 'फॅसिस्टविरोधी संरक्षक तट'. जगाच्या इतिहासात भिंती शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी बांधल्या गेल्या. ही मात्र आपल्याच कामगारांना आत कोंडण्यासाठी होती. याच श्रमिकांच्या राज्याने १९६३ पासून आपले राजकीय कैदी भांडवलशाही पश्चिम जर्मनीला रोकडीच्या बदल्यात विकले. ३३ हजारांहून अधिक माणसे अशी सोडविली गेली आणि त्यापोटी ३ अब्जांहून अधिक मार्क वसूल करण्यात आले. मानवी मुक्तीची भाषा बोलणाऱ्यांनी माणसांचा बाजार मांडला आणि भारतातील साम्यवादी मंडळी त्या राज्याला बंधुराष्ट्र म्हणत राहिली. ऊठसूट कोणालाही फॅसिस्ट ठरविण्याची ज्यांना हौस आहे, त्यांनी हा शब्द त्या भिंतीवर कोणी आणि कशासाठी चिकटविला होता, हे एकदा आठवून पाहावे.

अशा राजवटींच्या समर्थनार्थ एक युक्तिवाद सर्व देशांत, सर्व काळांत ऐकू येतो. आपल्याकडे त्यासाठी म्हणच आहे: कर नाही त्याला डर कशाला? वरवर पाहता बिनतोड. परंतु 'कर' म्हणजे काय हे ठरविणार कोण? पूर्व जर्मनीत देशाबाहेर जाण्याचा अर्ज करणे हा अपराध होता. पुढाऱ्यावर विनोद सांगणे हा अपराध होता. सोव्हिएत रशियात तर व्यवस्थेला विरोध हेच मनोविकाराचे लक्षण मानले गेले. जनरल ग्रिगोरेन्को, जीवशास्त्रज्ञ झोरेस मेदवेदेव यांच्यासारख्या शहाण्यासुरत्या माणसांना वेड्यांच्या इस्पितळात डांबण्यात आले. या प्रकाराची जगभर इतकी छीथू झाली की १९८३ मध्ये सोव्हिएत मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेला जागतिक संघटनेतून बाहेर पडावे लागले. अपराधाची व्याख्या पाळत ठेवणाऱ्याच्या खिशात असेल, तर निरपराध असण्याला काडीचा अर्थ उरत नाही. आज निर्दोष वाटणारी नोंद उद्या सत्ता बदलली, धोरण बदलले, की पुरावा म्हणून उभी राहते.

येथे डावे पंडित लगेच बोट दाखवितात: अमेरिका तरी काय वेगळे करते? प्रश्न अगदीच गैरलागू नाही. एफबीआय या अमेरिकी संस्थेने १९५६ ते १९७१ या काळात आपल्याच नागरिकांविरुद्ध गुप्त मोहीम चालविली. मार्टिन ल्यूथर किंग यांचे खासगी संभाषण चोरून ध्वनिमुद्रित केले आणि १९६४ मध्ये त्यांना आत्महत्येस प्रवृत्त करू पाहणारे निनावी पत्र धाडले. स्टासीच्या 'विघटना'हून हे निराळे कसे म्हणावे? २००१ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर तर अमेरिकी यंत्रणांनी दूरध्वनी आणि इंटरनेट यांवर अफाट जाळे टाकले. ते २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन याने चव्हाट्यावर आणले. जर्मनीच्या तत्कालीन चॅन्सेलर अँगेला मर्केल यांच्या भ्रमणध्वनीवरही नजर होती, हे त्याच वर्षी बाहेर आले. मर्केल वाढल्या त्या पूर्व जर्मनीत! लोकशाहीचा बिल्ला लावला म्हणजे राज्यसत्ता आपोआप सोवळी होत नाही, हे मान्यच केले पाहिजे.

परंतु पुढचा भाग सोयीस्करपणे गाळला जातो. ८ मार्च १९७१ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील मीडिया या छोट्या गावच्या एफबीआय कचेरीतून काही सामान्य नागरिकांनी कागदपत्रे पळविली. वृत्तपत्रांनी ती छापली. सिनेटने १९७५ मध्ये चौकशी समिती बसविली, गुप्तचर संस्थांच्या प्रमुखांना साक्षीला उभे केले आणि १९७८ मध्ये कायदा झाला. तो कायदा पुढे दुबळा ठरला, ही गोष्ट वेगळी. पण मिल्केच्या खात्याची कागदपत्रे छापणारे वृत्तपत्र पूर्व बर्लिनमध्ये कोठे होते? त्याला जाब विचारणारी संसद कोठे होती? मिल्के प्रथमच संसदेला सामोरा गेला तो भिंत कोसळल्यानंतर, १३ नोव्हेंबर १९८९ रोजी. 'माझे तर सर्वांवरच प्रेम आहे' अशा आशयाचे त्याचे उद्गार ऐकून सभागृह हसले. चाळीस वर्षांनी आलेले हसू!

ज्यांना वाटते की हा सारा शीतयुद्धाचा शिळा इतिहास झाला, त्यांनी शिनजियांगकडे पाहावे. स्टासीला कागद लागत होता; चीनच्या साम्यवादी पक्षाला संगणक पुरतो. तिबेटमध्ये पक्षाचे सचिवपद सांभाळलेले छेन छ्वानगुओ ऑगस्ट २०१६ मध्ये शिनजियांगला आले आणि तिबेटात पारखलेले प्रयोग तेथे अधिक मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. जागोजागी पोलीस चौक्या आल्या. १२ ते ६५ वर्षे वयाच्या लोकांच्या बुबुळांची छायाचित्रे, बोटांचे ठसे, रक्ताचे नमुने गोळा झाले. तेथील पोलिसांच्या हाती दिलेल्या संगणकीय प्रणालीचा 'ह्यूमन राइट्स वॉच' या संस्थेने उलगडा करून २०१९ मध्ये तो प्रसिद्ध केला. घराच्या पुढच्या दाराने ये-जा न करणारा, शेजाऱ्यांत न मिसळणारा, नेहमीपेक्षा जास्त वीज वापरणारा माणूस त्या प्रणालीच्या लेखी संशयित ठरतो. पक्षाचे कार्यकर्ते 'नातेवाईक' म्हणून उइघुर कुटुंबांच्या घरी मुक्कामाला पाठविण्यात आले. अतिथी म्हणून यायचे आणि यजमान काय खातो, कोणती प्रार्थना करतो याची टिपणे घ्यायची. इल्हाम तोहती हा उइघुर प्राध्यापक हिंसेचा पुरस्कर्ता नव्हता, तो संवादाची भाषा बोलत होता. २०१४ मध्ये त्याला जन्मठेप ठोठावण्यात आली.

३१ ऑगस्ट २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवाधिकार कार्यालयाने अहवाल दिला, की हे मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात. त्यावर नुसती चर्चा व्हावी, एवढाच प्रस्ताव ६ ऑक्टोबर २०२२ रोजी मानवाधिकार परिषदेत आला. तो १७ विरुद्ध १९ मतांनी फेटाळला गेला. जगाच्या पाठीवर कोठेही मुसलमानाला खरचटले तरी आकांत करणाऱ्या पाकिस्तानने चर्चेच्या विरोधात मत दिले. इंडोनेशिया, कतार आणि संयुक्त अरब अमिरात यांनीही तेच केले. सोमालिया तेवढा बाजूने उभा राहिला. चीनच्या कर्जाच्या आणि गुंतवणुकीच्या वजनाखाली बंधुभाव कसा दबतो, याचा हा लेखी पुरावा. पीडित माणसाची उपासनापद्धती कोणती, हा येथे गौण प्रश्न आहे. म्हणूनच भारताने त्या दिवशी तटस्थ राहणे पसंत केले, हेही येथे नोंदविले पाहिजे. दुसऱ्या दिवशी परराष्ट्र मंत्रालयाने शिनजियांगमधील जनतेच्या मानवाधिकारांचा आदर व्हावा असे म्हटले, ते योग्यच. पण मत देण्याची वेळ आदल्या दिवशी होती. धरमशाला येथील दलाई लामांच्या कार्यालयातील संगणकांत परकी हेर शिरले होते आणि त्या जाळ्याचे धागे चीनपर्यंत पोहोचत होते, हे कॅनडातील संशोधकांनी २००९ मध्येच दाखवून दिले होते. ती पाळत आपल्या भूमीवर होती. ज्याच्या घरात चोर शिरून गेला, त्याने चोरीच्या चर्चेत तटस्थ राहावे, हे पटण्यासारखे नाही.

भारताला या रोगाची चव माहीत नाही असेही नव्हे. २५ जून १९७५ रोजी लादलेल्या आणीबाणीत १ लाख १० हजारांवर माणसे 'मिसा' आणि भारत संरक्षण नियमांखाली गजांआड गेली; शाह आयोगाने नोंदविलेली ही संख्या आहे. कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी लेखनस्वातंत्र्याचा उच्चार केला आणि पुढे त्यांनाही तुरुंग दाखविण्यात आला. भारतीय कम्युनिस्ट पक्षाने त्या काळात सरकारची पाठराखण केली, हे आज त्या पक्षाचे विद्वान सांगत नाहीत. 'मिसा' कायद्यात घातलेल्या सुधारणेचा मतलब तर असा होता, की अटकेची कारणे हे राज्याचे गुपित. ती बंदीवानाला कळविण्याचे कारण नाही. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने सरकारची बाजू उचलून धरली. एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले आणि सरन्यायाधीशपदाला मुकले. तो निकाल २४ ऑगस्ट २०१७ रोजी रद्दबातल झाला, आणि झाला तो खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात, हा योगायोग नव्हे. कारणाविना बंदी आणि कळविल्याविना पाळत ही एकाच खाणीतील दगडांची नावे आहेत.

जर्मनांनी काय केले ते पाहण्याजोगे आहे. स्टासीचे अधिकारी कागद फाडू लागल्याची कुणकुण लागताच डिसेंबर १९८९ पासून नागरिकच कचेऱ्यांत घुसले. १५ जानेवारी १९९० रोजी बर्लिनचे मुख्यालय लोकांनी ताब्यात घेतले. १११ किलोमीटर लांबीची कागदपत्रे आणि फाटक्या तुकड्यांनी भरलेली १५ हजारांहून अधिक पोती वाचली. 'झाले गेले विसरून जा, नाहीतर घराघरांत सूडाग्नी पेटेल' असे सांगणारे शहाणे तेथेही होते. संसदेने त्यांचे ऐकले नाही. डिसेंबर १९९१ मध्ये कायदा झाला आणि २ जानेवारी १९९२ पासून प्रत्येकाला स्वतःची धारिका वाचण्याचा हक्क मिळाला. लाखो लोकांनी ती वाचली. संसार मोडले, मैत्र्या तुटल्या. पण सूडाचे रक्त वाहिले नाही. मिल्केला मात्र शिक्षा झाली ती १९३१ मध्ये केलेल्या दोन पोलिसांच्या खुनाबद्दल. ३२ वर्षांच्या मंत्रिपदाबद्दल नव्हे. न्यायालयाला जे जमले नाही ते धारिकांनी केले.

आपल्याकडे शाह आयोगाचा अहवालच १९८० नंतर दुर्मिळ झाला. माजी खासदार इरा सेळियन यांनी आपल्याजवळच्या प्रतीवरून २०१० मध्ये तो पुन्हा छापला, तेव्हा कोठे तो वाचकांच्या हाती आला. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यातून गुप्तचर संस्था वगळलेल्या आहेत. भ्रष्टाचार आणि मानवाधिकारभंगाच्या आरोपांपुरतीच तेथे फट आहे. दूरध्वनी ऐकण्याचा आदेश आजही गृहसचिव देतात, न्यायाधीश नव्हे, आणि ज्याचा दूरध्वनी ऐकला गेला त्याला ते नंतरही कळविले जात नाही. दहशतवादाशी लढणाऱ्या देशाला गुप्तचरांची गरज आहे, याविषयी वाद नाही. सीमेपलीकडून येणाऱ्या मारेकऱ्याला नोटीस देऊन त्याचे बोलणे ऐका, असे कोणी म्हणत नाही. परंतु तपास संपल्यावर, धोका टळल्यावर, निर्दोष ठरलेल्या नागरिकाला आपल्याविषयी काय लिहून ठेवले आहे ते पाहू देण्यात राष्ट्राची कोणती सुरक्षा धोक्यात येते?

येरवडा आणि नाशिकच्या तुरुंगांत मिसाबंदी म्हणून राहिलेली माणसे आज पंचाहत्तरी-ऐंशीच्या पुढे गेली आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये त्यांना मानधन देण्याचा निर्णय घेतला, २०२० मध्ये तो रद्द झाला, २०२२ मध्ये पुन्हा लागू झाला. कोणत्या खबऱ्याने, कोणत्या शब्दांत, कोणता आरोप लिहून दिला म्हणून आपण घरातून उचलले गेलो, हे त्यांना हक्काने वाचता येईल असा कायदा मात्र कोणत्याही पक्षाच्या सरकारने केलेला नाही. तो करण्यासाठी त्यांच्या हयातीतली थोडी वर्षे अजून शिल्लक आहेत.