हप्त्यावरची जर्मनी

मीरा रोडला आमच्या ओळखीपाळखीत सध्या एक साथ आली आहे. चांगली चालती, सात माणसं बसतील अशी महिंद्रा किंवा टाटा एक्सचेंजमध्ये द्यायची आणि बीएमडब्ल्यू एक्स-वन, ऑडी क्यू-थ्री नाहीतर मर्सिडीज जीएलए घ्यायची. याला 'अपग्रेड' म्हणतात म्हणे! आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शनमध्ये नीट चाललेली सिस्टिम केवळ नवा लोगो छान दिसतो म्हणून बंद करायची, असा हा प्रकार आहे. कुणाला राग येणार असेल तर आत्ताच येऊ द्या, कारण पुढे आकडे आहेत. :)

आधी इंजिन बघू. "जर्मन इंजिनिअरिंग रे बाबा!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पाठ झालंय. २०२३ मध्ये आलेल्या एक्स-वनच्या पेट्रोल मॉडेलला दीड लिटरचं तीन सिलिंडरवालं इंजिन, ताकद १३६ पीएस. २०२१ च्या एक्सयूव्ही ७०० पेट्रोलला दोन लिटरचं, २०० पीएसचं. जीएलए २०० चं १.३ लिटर इंजिन डेमलरने रेनोबरोबर मिळून बनवलं. त्याच घराण्यातलं इंजिन २०२० मध्ये आपल्याकडे डस्टरमध्ये मिळत होतं, पाऊण डझन लाख कमी देऊन नव्हे, कित्येक पट कमी देऊन. सुरक्षा म्हणाल तर एक्सयूव्ही ७०० ला २०२१ मध्येच ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळालेत. जर्मन गाडीचं केबिन शांत असतं, वेगात ती जमिनीला धरून चालते, दार बंद होतानाचा आवाजही भारी. हे सगळं मान्य. पण या शांततेचं बिल किती?

समजा गाडी पन्नास लाखांची, एक्स-शोरूम. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स १३ टक्के, म्हणजे साडेसहा लाख. झाले साडेछप्पन. जुन्या गाडीचे पंधरा लाख आले असं धरू, दीड लाख खिशातून, उरलेल्या चाळीस लाखांचं कर्ज. ९ टक्क्यांनी पाच वर्षं फेडायचं तर हप्ता महिना सुमारे ८३ हजार आणि व्याज पावणेदहा लाखांच्या वर. पाच वर्षांत एकूण गेले साधारण सहासष्ट लाख. इन्शुरन्सवाल्यांच्या तक्त्याप्रमाणे चार ते पाच वर्षांच्या गाडीवर घसारा ५० टक्के, म्हणजे कागदावर उरले पंचवीस लाख. एक्केचाळीस लाख हवेत! महिन्याला जवळजवळ सत्तर हजार, आणि यात पेट्रोल, सर्व्हिसिंग, इन्शुरन्स धरलेलंच नाही. जुनी गाडीही झिजली असती हे खरं, पण तिचे हप्ते संपलेले होते की राव.

यावर सेल्समनचं उत्तर तयार असतं : "सर, जीएसटी कमी झालाय." झालाय ना. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांना सेस वगैरे जाऊन सरळ ४० टक्के आहे. पण तो तुमच्या जुन्या सात सीटरच्या वर्गालाही तेवढाच आहे. सवलत दोघींना, कौतुक मात्र एकीचं.

बरं, ही गाडी चालवणार कुठे? काशीमीऱ्याच्या सिग्नलला की घोडबंदरच्या घाटात, गायमुखला ट्रकच्या मागे? दहिसर नाक्यावर हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये माफ झाला, गर्दी माफ झाली नाही. पहिल्या गिअरमध्ये १३६ पीएस काय आणि २०० पीएस काय, दोन्ही सारखेच कंटाळतात. जुलैमध्ये आमच्याकडे रस्त्यावर गुडघाभर पाणी साचतं. ते इंजिनात शिरलं की काय होतं हे गॅरेजवाल्याला विचारा. साध्या पॉलिसीत ते सहसा बसत नाही, वेगळं कव्हर घ्यावं लागतं. पार्किंगचं तर बोलूच नका. स्टिल्ट पार्किंग बिल्डरला फ्लॅटसारखं विकता येणार नाही, हा २०१० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल शेजारच्या दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या भांडणातूनच आला. एवढी इथे जागेची मारामारी. तिथे पन्नास लाखांची गाडी कव्हर घालून उभी करायची आणि ओरखडा पडेल म्हणून रात्री दोनदा खाली बघायचं.

आणि माणसांचं काय? गणपतीला गावी जायचं तर आई-बाबा, दोन मुलं, एखादी आत्या. एक्स-वन, क्यू-थ्री, जीएलए तिन्हींत पाचच सीट. मग आई-बाबांना एसटीचं तिकीट काढून द्यायचं का? याला अपग्रेड म्हणायचं?

इथे कुणीतरी औरंगाबादचं उदाहरण काढतोच. ऑक्टोबर २०१० मध्ये तिथल्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) व्यावसायिक मंडळींनी एका दिवसात १५० मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या. "मराठी माणूस मागे नाही" असं सगळीकडे झालं. त्यातल्या बऱ्याच गाड्यांना स्टेट बँकेने ७ टक्क्यांनी कर्ज दिलं आणि ट्रॅक्टर घेणाऱ्या शेतकऱ्याला त्याहून महाग, यावर पी. साईनाथांनी झोडलं ते बरोबरच होतं. पण त्या मंडळींचा हिशोब तरी बघा : दीडशे जणांनी एकत्र येऊन कंपनीशी घासाघीस केली. आपण एकटे जातो, कॉफी पितो, सही करून येतो.

माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. ज्याच्याकडे रोख पैसे आहेत त्याने खुशाल घ्यावी, माझी काही हरकत नाही. पण आपण पगारी माणसं. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने बारा हजारांवर लोक कमी करणार असं जाहीर केलं, आणि त्या काळात आमच्या लोकलच्या डब्यात दुसरा विषय नव्हता. अशा दिवसांत घराचा हप्ता असताना वर ८३ हजारांचा आणखी एक, म्हणजे मॅनेजरला 'नाही' म्हणायची ताकद पाच वर्षांसाठी गहाण. शनिवारी ये म्हटलं, गेलो. टीम बदलली, गप्प बसलो. नवीन काही शिकायला तीन महिने सुट्टी? विसरा. चाळीस लाखांत लोगो मिळतो आणि हे सगळं जातं. ब्रोशरमध्ये ही ओळ कुठेच नसते.

तेव्हा एक्सचेंजच्या फॉर्मवर सही करण्याआधी एकच करा. सहा महिने दर महिन्याला ८३ हजार वेगळ्या खात्यात टाकून बघा, बाकी सगळं आहे तसं चालू ठेवून. जमलं, तर जवळपास पाच लाख हातात आहेत. जमलं नाही, तर उत्तर फुकटात मिळालं. आणि तोवर जुन्या गाडीची सर्व्हिसिंग करून घ्या, टायर बदला. तिच्यात अजून बरीच वर्षं शिल्लक आहेत.